तिसरी स्प्रिंग

गुणवंतराव बोरकुटे बी.एस्सी. सावलीच्या शाळेत विज्ञान शिकवायला आले, ते सावलीवर उपकार म्हणून. निदान त्यांचं स्वतःचं तरी असंच मत होतं, आणि हेडमास्तरांपासून घंटा वाजवणाऱ्या झाडू शिपायापर्यंत सगळ्यांच्या कानावर त्यांनी ते पहिल्याच आठवड्यात घालून ठेवलं. ही गोष्ट १९५३ सालची. तेव्हा चंद्रपूरला चांदा म्हणत, सरकार नागपुरात बसे, आणि सावलीसारख्या धानाच्या गावात बी.एस्सी. झालेला माणूस म्हणजे अप्रूपच. लोकांनी मोठ्या आदरानं त्यांना बसायला खुर्ची दिली. गुणवंतरावांनी ती रुमालानं दोनदा झटकली, मग बसले, आणि तिथंच लोकांना माणूस कळला.

तसे ते काही परमुलखातले नव्हते. गोंडपिपरीकडच्या एका खेड्यात त्यांचा बाप धानाची शेती करायचा. नागपुरात सहा वर्षं काढून गुणवंतराव दोनच वस्तू घेऊन परतले होते. एक तिसऱ्या वर्गाची पदवी आणि दुसरी शुद्ध भाषा. आईनं 'तुले भूक लागली का बाबू' म्हणून विचारलं की हे तिला आधी 'तुला' म्हणायला लावत आणि मग जेवत. बिचारी म्हातारी पुढं पुढं न विचारताच ताट वाढायला लागली. तिसरा वर्ग का मिळाला, याची कारणं त्यांच्याकडे तीन होती. परीक्षक पक्षपाती होता, पेपरच्या दिवशी ताप होता, आणि नागपूरचं पाणी बाधलं होतं. ऐकणाऱ्याला ते तिन्ही एकदम सांगत, म्हणजे एखादं तरी पटेल.

सावलीत त्यांना काहीच पसंत नव्हतं. मुलांची भाषा गावठी, मास्तर अडाणी, हेडमास्तर मॅट्रिक. लोक रात्रभर दंडारीची नाटकं पाहतात, म्हणजे आचरटपणा. बायको इंदू सातवी शिकलेली, म्हणजे न शिकलेलीच. ती पाणी भरायची, अंगणात सडा टाकायची, नवऱ्याची कुरकुर ऐकायची आणि आपल्या कामाला लागायची. शेजारणी तिला इंदुताई म्हणत. 'मास्तर बोलतेत चांगलं, पण ऐकत नाईत,' असं एकदा शेजारची भागीरथा म्हणाली, तेव्हा इंदुताई नुसती हसली होती. तिला तीन वर्षांपासून ते ठाऊक होतं.

गुणवंतरावांना सावलीतून सुटायचं होतं. नागपूरच्या एका कॉलेजात प्रोफेसर उमाठे म्हणून होते. ते कार्बन डायऑक्साइडच्या रेणूवर संशोधन करत, आणि त्यांना हाताखाली एक संशोधक विद्यार्थी हवा आहे, अशी बातमी गुणवंतरावांच्या कानावर आली होती. विद्यावेतन, नागपुरात खोली, दारावर नाव, पुढं डॉक्टर. तिसऱ्या वर्गाच्या माणसाला ही जागा कोण देतो? पण त्याच्याकडे हातानं केलेलं काही दाखवण्यासारखं असेल तर? हा विचार त्यांना सुचला, आणि खरं सांगायचं तर त्यांच्या आयुष्यातला एवढाच एक विचार चांगला होता.

आता हा रेणू म्हणजे काय, ते दोन शब्दांत सांगतो. सोड्याची बाटली फोडली की फसकन बाहेर पडतो तोच हा वायू. त्याच्या एकेका रेणूत मधे एक कार्बन आणि दोन बाजूंना दोन ऑक्सिजन, तिघं एका ओळीत. पण हे तिघं स्वस्थ बसत नाहीत. मधे जणू स्प्रिंगा लावल्या आहेत असे सारखे थरथरतात, आणि रेणूच्या पोटातली बरीचशी ऊर्जा त्या थरथरीतच असते. थरथरायच्या तऱ्हाही ठरलेल्या. पहिल्या तऱ्हेत कडेचे दोघं एकदम बाहेर पांगतात, एकदम आत येतात, आणि मधला जागच्या जागी राहतो. दुसरीत कडेचे दोघं एका अंगाला जातात आणि मधला उलट अंगाला. तिसरी एक वाकण्याची तऱ्हा आहे, पण तिच्या वाटेला गुणवंतराव गेले नाहीत.

त्या काळात हिशेब करायला यंत्रं नव्हती, म्हणून कोणी कोणी रेणूचा पुतळाच करत. अणूंच्या वजनाच्या प्रमाणात गोळे घ्यायचे, मधे स्प्रिंगा लावायच्या, हलवायचं आणि हेलकावे मोजायचे. खऱ्या रेणूची थरथर शास्त्रज्ञांनी डोळ्यांना न दिसणाऱ्या प्रकाशावरून मोजलेली होतीच. पहिल्या तऱ्हेचे शंभर हेलकावे होतात तेवढ्या वेळात दुसरीचे एकशे एकोणसत्तर होतात. पुतळ्यात हेच प्रमाण उतरलं तर पुतळा खरा.

गोळे सोपे होते. मधला बारा तोळ्यांचा, कडेचे सोळा-सोळा तोळ्यांचे, शिशाचे, सोनाराच्या काट्यावर तोललेले. अडलं ते स्प्रिंगांपाशी. दोन्ही अगदी सारख्या हव्यात. अशा स्प्रिंगा सावलीत एकच माणूस वळू शकत होता, आणि त्याच्या दारात जायचं गुणवंतरावांच्या जिवावर आलं होतं.

जलालुद्दीन हा हार्मोनियम दुरुस्त करणारा माणूस. पन्नाशीचा, सडपातळ, एका डोळ्यात फूल पडलेलं. धानोऱ्यापासून मूलपर्यंतच्या दंडारवाल्यांच्या पेट्या हिवाळ्याआधी त्याच्याकडे येत, कारण हिवाळाभर त्या उघड्या मैदानात, धुळीत आणि दवात रात्ररात्र बडवल्या जायच्या. सूर कानशीनं घासून तो ठिकाणावर आणायचा. पट्ट्यांच्या नि भात्याच्या स्प्रिंगा पोलादी तारेच्या, त्या हातानं वळायचा. गावात सगळे त्याला जलालभाई म्हणत. गुणवंतराव म्हणत, 'ए पेटीवाल्या.' वयानं तो त्यांच्या बापाएवढा होता, पण बापालाही ते कुठं धड हाक मारत होते!

जलालुद्दीननं काम घेतलं. एकाच तारेच्या, एकाच सळईवर वळलेल्या, वेढे मोजून सारख्या केलेल्या दोन स्प्रिंगा आठ दिवसांत आणून दिल्या. 'कायच्या कामाच्या हाय जी?' असं त्यानं विचारलं. 'तुला समजायचं नाही,' गुणवंतराव म्हणाले. जलालुद्दीन हो म्हणाला आणि गेला.

घरातल्या आडव्या लाकडाला लांब दोऱ्या बांधून तिन्ही गोळे एका ओळीत टांगले. पहिली तऱ्हा हलवली, घड्याळ लावून अर्ध्या मिनिटाचे हेलकावे मोजले, पन्नास. दुसरी हलवली, पंचाण्णव. दहादा मोजले, वीसदा मोजले. पन्नास आणि पंचाण्णव. म्हणजे शंभराला एकशे नव्वद! खरा रेणू म्हणतो एकशे एकोणसत्तर, आणि बोरकुट्यांचा रेणू म्हणतो एकशे नव्वद. दुसऱ्या कोणाला वाटलं असतं, आपलं काही चुकत असेल. गुणवंतरावांना असं कधी वाटत नसे. त्यांनी तडक जलालुद्दीनला बोलावणं धाडलं आणि उंबऱ्यातच फैलावर घेतलं. स्प्रिंगा खराब आहेत, तार हलकी वापरली, हरामखोरी केली. रागाच्या भरात त्यांच्या तोंडून 'मले फसवून राह्यला काय?' असंही निघून गेलं. इंदुताईनं स्वयंपाकघरातून मान बाहेर काढून पाहिलं, कारण लग्नानंतर पहिल्यांदाच ते माणसासारखं बोलले होते.

जलालुद्दीन रागावला नाही. दोन्ही स्प्रिंगा ओढून पाहिल्या, बोटानं छेडून कानाजवळ नेल्या. 'सारख्याच हाय जी,' म्हणाला. 'पण तुमाले पायजे काय, ते तं सांगा.'

संतापात का होईना, गुणवंतरावांनी सांगून टाकलं. हा सोड्याच्या बाटलीतल्या हवेचा पुतळा आहे. दुसरी पंचाण्णव येते ती बरोबर धर, तर पहिली छप्पन यायला हवी आणि येते पन्नास.

'मंजे एक सूर चढवाचा,' जलालुद्दीन म्हणाला, 'अन् दुसरा जागचा हलू द्याचा नाई. असंच ना?'

'हे सूर नाहीत,' गुणवंतराव म्हणाले. 'हे विज्ञान आहे.'

जलालुद्दीन बराच वेळ तिथंच उकिडवा बसून राहिला. कधी दोन गोळे पांगवून सोडी, कधी एका अंगाला ढकलून सोडी, आणि मांडीवर बोटांनी आठ-आठचा ठेका धरून मोजी. गुणवंतराव त्याच्याकडे पाठ करून वर्तमानपत्र वाचत बसले. मग तो न सांगताच उठून गेला.

पाचव्या दिवशी तो परत आला तो एक लांब, नाजूक स्प्रिंग घेऊन. आधीच्या दोघींपुढं ही अगदीच लेचीपेची, जोर त्यांच्या आठव्या हिश्श्याचा. मधल्या गोळ्याला ओलांडून, वरच्या वर, त्यानं ती कडेच्या दोन गोळ्यांमधे अडकवली. 'आता मोजा जी.'

गुणवंतरावांनी मोजलं. पहिली छप्पन. दुसरी पंचाण्णव.

पुन्हा मोजलं. छप्पन. पंचाण्णव. तिसऱ्यांदा मोजलं, तेव्हा कुठं त्यांनी घड्याळ खाली ठेवलं.

जलालुद्दीनचा चेहरा फुलला होता. कारागिराला आपलं काम जमलं की सांगितल्यावाचून राहवत नाही, तसा तो सांगायला लागला. 'पाहा जी, पेटीच्या भात्याच्या दोन कोपऱ्याले दोन स्प्रिंगा राह्यतेत. लोक तेवढ्याच लावतेत. मंग एका हातानं भाता मारला का त्याचं तोंड वाकडं होते. मी काय करतो, दोन्ही कोपऱ्याले एक बारीक तार जोडतो. माह्या अब्बाची रीत हाय ते. दोन कोपरे संगं संगं चालले तं तार ढिलीच राह्यते, तिले कामच नाई. पांगले का मंग ताणते, वढते. इथी बी तसंच. दुसऱ्या चालीत हे दोघं एकाच अंगाले जातेत, मंग ही स्प्रिंग ताणतच नाई, म्हून तो सूर तसाच राह्यला. पहिलीत पांगतेत, मंग ताणते, म्हून हा सूर चढला. मले वाटते जी, तुमच्या त्या हवेतबी कडेवाल्या दोघाले एकमेकाची काहीतरी वढ असंन. नाई तं आकडा काऊन नाई मिळत?'

एवढं सगळं तो बोलला. पदार्थविज्ञानाच्या वर्गात फळ्यावर लिहावं इतकं स्वच्छ बोलला. आणि गुणवंतराव? ते खिडकीशी उभे राहून मनातल्या मनात प्रोफेसर उमाठ्यांना पत्र लिहीत होते. 'माझ्या स्वतंत्र प्रयत्नांनी' हा शब्द आधी घालावा की 'अनेक महिन्यांच्या परिश्रमांनी' हा, याचा निर्णय होत नव्हता. जलालुद्दीन थांबला तसं ते म्हणाले, 'बरं बरं. झालं ना? जा आता.'

स्वयंपाकघराच्या दारात इंदुताई उभी होती. तिनं मात्र सगळं ऐकलं होतं. जलालुद्दीन गेल्यावर ती म्हणाली, 'अवो, ते काय सांगून राह्यले होते, समजलं का तुमाले?'

'त्यात समजण्यासारखं काय आहे? भाते आणि पेट्या.'

'तुमाले कोनी इचारलं तं? का ही तिसरी कायले म्हून?'

'मला विचारणारे नागपूरचे प्रोफेसर आहेत, तुझी भागीरथा नव्हे,' गुणवंतराव म्हणाले. असल्या उत्तरांनी बायकांची तोंडं बंद होतात असा त्यांचा अनुभव होता, आणि तो खरा होता. इंदुताई आत गेली.

पत्र गेलं. त्यात पन्नासचा उल्लेख नव्हता, छप्पन आणि पंचाण्णव तेवढे होते. जलालुद्दीनचा उल्लेख नव्हता आणि तिसऱ्या स्प्रिंगेचाही नव्हता. महिन्याभरानं पोस्टकार्ड आलं. 'तुमचे आकडे पाहून आश्चर्य वाटले. वैशाखात मूल येथे माझ्या मेहुण्याच्या मुलीचे लग्न आहे. त्या वेळी पुतळा घेऊन यावे, प्रत्यक्ष पाहून तुमच्या जागेचे ठरवू.' हे कार्ड गुणवंतरावांनी गावभर दाखवलं. हेडमास्तरांना दाखवलं, पोस्टमास्तरांना दाखवलं (त्यांनी ते आधीच वाचलं होतं), आणि ज्यांना वाचता येत नव्हतं त्यांनाही दाखवलं. निरोपाची भाषणं सुद्धा होऊन गेली. जलालुद्दीननं त्या पुतळ्यासाठी सागाची पेटी करून दिली आणि आत कापूस भरून गोळे बसवले. 'तुमचं भलं होऊ द्या जी,' म्हणाला.

सर्विस मोटारीत पेटी मांडीवर घेऊन बसल्यावर गुणवंतरावांच्या डोक्यात एक किडा वळवळायला लागला. पुस्तकातल्या आकृतीत स्प्रिंगा दोनच होत्या. आपल्या पुतळ्यात तीन आहेत. ऑक्सिजन-ऑक्सिजनमधे बंध नसतो हे पोरंसोरंही सांगतील. मग ही तिसरी कशाची? आपण विचारलं का नाही? छे, पेटीवाल्याला काय विचारायचं! सावलीपासून मूलपर्यंत हा किडा वळवळत राहिला, आणि रस्त्यातले खड्डे त्याला मदत करत राहिले.

लग्नघरी प्रोफेसर उमाठे साध्या धोतर-सदऱ्यात मांडवाखाली बसले होते. गृहस्थ जाडजूड, घामानं डबडबलेले, पण नजर साफ. गुणवंतरावांना पाहताच ते उठले आणि ओसरीच्या वाशाला स्वतःच्या हातानं दोऱ्या बांधू लागले. चार वऱ्हाडी गंमत पाहायला जमले. पुतळा टांगला गेला. उमाठे वाकून जवळ गेले, कपाळाला आठ्या घालून पाहत राहिले आणि त्यांनी बोट लावलं ते नेमकं तिसऱ्या स्प्रिंगेला.

'ही वरची कशासाठी?'

झालं. गुणवंतरावांना त्या आठ्यांत नापसंती दिसली. ती नापसंती नव्हती, ती उत्सुकता होती. पण जन्मभर दुसऱ्याच्या चेहऱ्याकडे धड न पाहिलेल्या माणसाला दोन्हींतला फरक कसा कळावा? खरं उत्तर सोपं होतं. 'मला माहीत नाही सर, पण हिच्यानं आकडा जुळतो.' एवढं म्हटलं असतं तरी पुरे होतं. त्याऐवजी गुणवंतराव हसले, ओशाळल्यासारखे नव्हे, तर दुसऱ्याच्या अडाणीपणाला हसावं तसे.

'माफ करा सर, ती चूक आहे. आमच्या गावच्या एका अडाणी पेटीवाल्याकडून स्प्रिंगा वळून घेतल्या, त्यानं आपल्या अकलेनं ही जास्तीची लावून दिली. खेडवळ लोक, काय करणार!' आणि प्रोफेसरांनी हात पुढं करायच्या आत त्यांनी ती स्प्रिंग काढून खिशात टाकली.

'हं. दाखवा तर मग,' उमाठे म्हणाले.

गुणवंतरावांनी दाखवलं. उमाठ्यांनी आपल्या घड्याळावर मोजलं. पन्नास. पंचाण्णव.

'पत्रात तुम्ही छप्पन लिहिलं होतं.'

गुणवंतरावांचा हात खिशाकडे गेला. 'ते... सर... ती वरची असताना येत होते.'

उमाठे ओसरीच्या काठावर बसले. 'दोन स्प्रिंगांचा पुतळा कोणीही करतो, बोरकुटे. त्याचे पन्नास आणि पंचाण्णवच येतात, ते मी कागदावर पाच मिनिटांत काढून देतो. खरा रेणू तसा वागत नाही, कारण कडेच्या दोघांना एकमेकांची खबर असते. मधे बंध नसला तरी असते. त्यातलं किती या खबरीमुळं आणि किती आणखी कशामुळं, यावर मी दोन वर्षं डोकं फोडतोय. तुमच्या पत्रातला छप्पनचा आकडा पाहिला आणि मला वाटलं, या माणसानं काहीतरी ओळखलंय. मी इथं तो मांडव सोडून बसलो ते त्या वरच्या स्प्रिंगेसाठी. आणि तुम्ही ती खिशात घातलीत.'

'मी पुन्हा लावतो सर.' गुणवंतराव खिसे चाचपू लागले.

'राहू द्या. ती लावणाऱ्यानं काही कारण सांगितलं असेल ना? काय म्हणाला तो?'

गुणवंतरावांनी आठवायचा खूप प्रयत्न केला. भाते, कोपरे, तार. बाकी सगळी खिडकी आणि 'अनेक महिन्यांच्या परिश्रमांनी'. 'माझं लक्ष नव्हतं,' ते म्हणाले. आयुष्यात प्रथमच खरं बोलले, पण तेही दुसरं काही सुचलं नाही म्हणून.

तेवढ्यात पंगत बसल्याची हाक आली. उमाठे उठले. 'जागेचं आता होणं नाही. मला आकडे सांगणारा मिळेल, पण समोरचा काय सांगतो ते ऐकणारा हवा होता. एक करा. त्या पेटीवाल्याला माझा नमस्कार सांगा. म्हणावं, नागपूरच्या कॉलेजात जे दोन वर्षं सापडलं नाही ते तुम्हाला कानानं सापडलं. सांगाल ना?'

'सांगतो सर,' गुणवंतराव म्हणाले.

त्यांनी सांगितलं नाही. कसं सांगतील? गावानं निरोपाची भाषणं केली होती, आणि आता परत आल्यावर गावाला काहीतरी सांगायला हवं होतं. मोटारीतून उतरेपर्यंत ते तयार झालं. तापाचं, पाण्याचं आणि पक्षपाती परीक्षकाचं जसं झालं होतं तसंच. पुतळा उत्तम होता, प्रोफेसर खूश होते, पण जलालुद्दीननं न विचारता एक फालतू स्प्रिंग लावून ठेवली होती, ती नेमकी त्यांच्या डोळ्यांत खुपली आणि सगळ्यावर पाणी पडलं. हेडमास्तर हळहळले. पोस्टमास्तर हळहळले. गोष्ट चार दिवसांत गावभर झाली आणि आठव्या दिवशी जलालुद्दीनच्या दुकानात पोचली.

इंदुताईनं एकदाच विचारलं. 'फक्त त्या स्प्रिंगीपायीच नाई म्हटलं काय त्याइनं?'

'फक्त तिच्यामुळंच,' गुणवंतराव म्हणाले. तसं पाहिलं तर ते खरंच होतं, आणि म्हणूनच ते इतक्या ठामपणे सांगू शकले.

शाळा उघडली त्या आठवड्यात, एका संध्याकाळी जलालुद्दीन आला. गुणवंतराव अंगणात खाटेवर बसले होते. जलालुद्दीन खाली जमिनीवर बसला. गोष्ट कानावर गेल्यापासून तो वाळल्यासारखा दिसत होता.

'मास्तर, माह्या हातानं तुमचं नुकसान झालं जी,' तो म्हणाला. 'मले काई ठाऊक नव्हतं. आपल्याले समजत नाई त्यात हात घालाचाच नव्हता मी. माही बायको म्हणते, जाऊन माफी माग. मी म्हटलं, कोन्या तोंडानं जाऊ? तुमाले नागपूरले जाऊन मोठं व्हाचं होतं. माह्यामुळं इथी राह्यले तुमी.'

घराच्या दारात इंदुताई येऊन उभी राहिली होती. ती नवऱ्याच्या तोंडाकडे पाहत होती, एकटक.

'अब्बाची रीत म्हून मी भात्याले तार लावत आलो जनमभर,' जलालुद्दीन म्हणाला. 'तेबी चुकीचंच असंन. एवढे शिकलेले लोक म्हणतेत तं चुकीचंच असंन. दुकानात चार पेट्या होत्या दंडारवाल्याच्या. काल चारही खोलल्या अन् तारा काढून फेकल्या. आता नाई लावत कुठी. तुमी मनात काई ठेवू नका जी.'

त्यानं हात जोडले. त्या हातांवर कानशीचे आणि तारेचे वळ होते. एवढ्या वेळात गुणवंतरावांना एक वाक्य बोलायचं होतं, आणि ते वाक्य प्रोफेसरांनी त्यांच्याकडे तयार करून दिलेलं होतं, फक्त पोचवायचं होतं.

गुणवंतरावांनी खांद्यावरचं उपरणं सारखं केलं. घसा साफ केला.

'जाऊ दे जलालुद्दीन,' ते म्हणाले. 'होतं माणसाच्या हातून.'

आणि त्यांनी त्याला माफ केलं.